कपावरचा नंबर

हॅलो?… हो, बोल आई… नाई नाई, बोल तू, मोकळीच आहे.

काय सापडलं?… बाबांच्या शर्टात?… कोणता, निळ्या रेघांचा?… धुतला नाई न अजून?… बरं. नको धुऊ. बाकीचे कपडे द्यायचे तर दे, तो राहू दे.

कडं? कागदाचं कडं म्हणजे?… जाड पुठ्ठ्याचं… बांगडीपेक्षा मोठं… हो, हो, समजलं. अवं, ते कॉफीच्या कपाचं आहे. हाताले चटका बसू नये म्हणून कपावर चढवतात.

काही लिहिलं आहे त्यावर?… वाच ना… चष्मा लाव पहिले.

एक, शून्य, चार… सात, सात, दोन.

हो आई. त्यांचाच. स्टील प्लांटचा, हजेरीचा नंबर.

आता तिथं कसा आला म्हणजे… सांगते ना, ऐक तर. रुक्मा आत्या आहे का जवळ?… जयभीम सांग तिले. अन् स्पीकर बंद कर… आत्याले मग तू सांग, मीठमसाला लावून.

तो शनिवार, आई. शेवटचा. रविवारी सकाळी तर दाढीचं पाणी गरम व्हायच्या आधीच ते गेले. त्याच्या आदल्या दिवशीचं सांगून राहिली मी. मी, मोनाली अन् खुशबू कॉफीची दुकानं पाहत फिरणार होतो, नाई का… मोठ्या कंपन्यांची नाई, ज्याची त्याची, छोटी. कोणी घराच्या गॅरेजमधी उघडलं, कोणी टायरच्या दुकानावर. शनिवारी तीन, रविवारी दोन, असं ठरलं होतं… काम काहीच नाई त्यात. बसायचं, प्यायचं, गप्पा करायच्या, उठून दुसरीकडं जायचं… हो, घरी दूध असताना.

अन् माझी स्कूटी पंक्चर. म्हणून बाबा मले बोरसीच्या घरून सोडायले आले… हो, तेच बूट. रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण प्लांटचे बूट काही सुटले नाई. मी म्हटलं होतं, चप्पल घाला.

वापस निघालेच होते. खुशबू म्हणाली, अंकल, आप भी चलो. अन् बाबा एका बोलण्यात तयार.

पहिल्या दुकानात चहा मागितला… नव्हता. दुसऱ्यात पूर्ण पाटी वाचली, वरून खालपर्यंत, अन् पाणी प्यायले. तिसरं हे, सुपेल्यातलं. इथं कॉफीचे दाणे दुकानातच भाजतात.

इथं म्हणजे… आई, मी तिथंच बसून आहे आता… हो, लायब्ररीत जाते म्हटलं होतं. मोनालीनं बोलावलं. तीन शनिवार झाले, म्हणे, घरातून नीघ. त्या दोघी येऊनच राहिल्या, सिव्हिक सेंटरपाशी आहेत… रागावली?… बरं.

तर इथं कपाच्या त्या कड्यावर नाव लिहितात. कॉफी झाली की नावानं आवाज देतात. काउंटरवरच्या मुलीनं पेन उचलला, विचारलं, अंकल, नाम? अन् बाबांनी नंबर सांगितला… सहाच्या सहा आकडे, एका दमात… आता छत्तीस वर्षं खिडकीमागून पेन घेऊन कोणी विचारलं की तेच सांगायचं न. मग स्वतःच हसले. तोवर तिनं लिहून टाकलं होतं.

अन् कॉफी झाली तशी तिनं आवाज दिला. एक शून्य चार सात सात दोन. सगळं दुकान पाहून राहिलं. बाबा उठले, हात वर केला अन् म्हणाले, हाजिर… हस, हस. खुशबूच्या तर डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून.

मी?… सांगते ना पुढं.

बिनदुधाची घेतली… साखर पण नाई. पहिल्या घोटाले तोंड वाकडं केलं. मग म्हणाले, भाकरीच्या करपलेल्या कडेसारखी लागते… हो न, ती कड त्यांलेच लागायची. पूर्ण प्यायले मग.

नाई, आमच्या टेबलाशी नव्हते. भाजायच्या मशीनपाशी, स्टुलावर. दुकानाचा मालक आहे, पियूष, दाढीवाला, माझ्याच वयाचा. त्याले एकामागून एक विचारत बसले. आच किती देतो? धूर कुठून काढतो? भाजलं हे समजतं कसं? तो म्हणाला, दाणा तडकतो, आवाज येतो. बाबा म्हणाले, आमच्या कोक ओव्हनमधी आवाज नाई, रंग पाहायचा अन् वास… हो, तीच भट्टी, तू एवढं ऐकलं तिच्याबद्दल. मग पियूषनं मशीनवरचा गरमी दाखवणारा काटा हातानं झाकला. म्हणे, अंकल, आता तुम्ही सांगा कधी काढू.

अवं खरंच. डोळे मिटून नुसता वास घेऊन राहिले. मग म्हणाले, काढ… बरोबर होतं. पियूषनं हात जोडले त्यांले. मोनाली, खुशबू, सगळे तिथं गोळा.

मी… टेबलाशीच होती. पुस्तक उघडून. दिसत होतं तिथून.

काय?… पुन्हा सांग.

हे कोण म्हणालं तुले?… बाबा? त्या रात्री?… नीट सांग आई. त्यांच्याच शब्दांत सांग.

पोरीनं सगळ्या दुकानाले सांगितलं, हे माझे बाबा… असं म्हणाले?… जेवताना?

 

आई, मी नव्हतं सांगितलं.

मधात बोलू नको, ऐक. त्या दोघी गाडी लावून राहिल्या होत्या. बाबांनी नंबर सांगितला, मागचे लोक हसले. तेव्हा त्या मुलीनं मले विचारलं, ये अंकल आपके साथ हैं? अन् मी म्हटलं, छोड़ने आए हैं… एवढंच. खोटं नव्हतं. सोडायलेच आले होते न. पण तिले वाटलं, ड्रायव्हर. म्हणून तिनं तिकडं स्टूल ठेवला. आमच्या टेबलाले एक खुर्ची रिकामी होती, आई. मी काही म्हटलं नाई.

कावून?… का नाई म्हटलं म्हणजे… बुटांमुळं… नाई, बुटांवर कशाले ढकलू.

ऐकलं नसेल कसं? बाजूलेच उभे होते… तू म्हणते म्हणून. ऐकलंच होतं, आई. म्हणून तर घरी येऊन तुले तसं सांगितलं.

… रडू नको. आत्याले काय सांगशील मग.

काय?… तुलेही आणणार होते इथं? रविवारी?… हे नाई बोलले मले. येशील का?… मी आणते. आज नाई, पुढच्या शनिवारी. ते कडं घेऊन ये… नाई, काही नाई होत, बसू आपण मशीनपाशीच.

थांब. ती मुलगी येऊन राहिली. फोन ठेवू नको.

हाँ?… हाँ, मैं ही थी… नंबर वाले अंकल, हाँ… नहीं. आज नहीं आए छोड़ने… सुनो, एक मिनट रुको. उस दिन मैंने आपको ठीक से बताया नहीं था. वो मेरे बाबा थे. गुलाबराव मेश्राम. कोक ओव्हन में थे… नहीं, अब नहीं हैं. अगले दिन सुबह ही… नहीं, कॉफी रख दो. ठीक हूँ.

आई?… आहे न तू?… ऐकू नाई आलं? मशीन सुरू झाली मधात, म्हणून… नाई, हळू नाई, मोठ्यानंच म्हटलं. पियूष पण पाहून राहिला इकडं. सगळं दुकान पाहून राहिलं.

सांगते. एवढं ऐक अन् मग ठेव.

मी म्हटलं, हे माझे बाबा.