कारण लिहा, मग अंगठा

तेलंगणात नव्या जिल्ह्यांच्या पाट्या लागल्या त्याच आठवड्यात विनोदिनीबाई आदिलाबादच्या एका दवाखान्यात रांगेत उभ्या होत्या. पुढे बेज्जूरकडच्या रेणुकाबाई. काल हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये त्यांच्या नवऱ्याचं हृदय बंद पडलं होतं, डॉक्टरांनी ते कसंबसं चालू केलं; ऑपरेशन अर्धवट राहिलं. खिडकीत संमतीचा कागद पुढे सरकवत कारकून बसला होता.

“हृदय कमजोर, असं लिहिलंय. उद्या पुन्हा ऑपरेशन. अंगठा लावा.”

“कमजोर काऊन? पाठीवर पंप घेऊन तीन दिवस कपाशी फवारली त्यानं.”

“कधी?”

“इथं यायच्या आदी. मंग पंधरा दिवस काम नाई, म्हून समदं उरकलं.”

“डॉक्टरांना सांगितलं नाही? फवारणीचं विष अंगात असलं तर भूल बाधते.”

“त्यायनं बिडी इचारली, दारू इचारली. फवारनीचं कोनी इचारलं?”

“तुमचं गाव आता दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, बाई. तक्रार तिकडं करा.”

“गाव गेलं असंन. हृदय त इथंच बंद पडलं न?”

रेणुकाबाईंनी पिशवीतून फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली काढून खिडकीत ठेवली.

“डॉक्टरले हे दाखवा. याच्यानं झालं का, थे लिहून द्या. मंग अंगठा.”

“डॉक्टर कामात आहेत. बाजूला व्हा. मागच्या बाई, या.”

“यांचं झाल्याशिवाय मी पुढं सरकत नाही,” विनोदिनीबाई म्हणाल्या.