कुठल्या खोलीत होतं?

बाई: हात नाही हो लावत. जवळून बघते नुसती. आमच्या ह्यांनी काढलंय.

सुतार: मग बघा की निवांत. मी पहारेकरी नाही, सुतार आहे. प्रदर्शनातली सगळी चित्रं मीच टांगलीत. ते नाही आले?

बाई: त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

सुतार: अरेरे.

बाई: म्हणजे हे विकत घेतलेल्या साहेबांच्या बंगल्यावरून चित्रं तुम्हीच आणलीत? मग एवढं सांगा, हे कुठल्या खोलीत होतं?

सुतार: ते कशाला आता, काकू?

बाई: अहो, अठरा वर्षं आमच्या घरी हाच विषय. हे म्हणायचे, जेवणाच्या खोलीत असणार, दोन्ही वेळा नजरेला पडत असेल. मी म्हणायचे, जिन्यात लावलं असेल, येता-जाता कोण बघतंय! म्हटलं फोन करून विचारा, तर म्हणे बरं दिसत नाही. पुढे हात चालेना, चित्रं काढणं सुटलं, तेव्हा एवढाच आधार होता. म्हणायचे, एक तरी चित्र कुणीतरी रोज बघतंय.

सुतार: जेवणाच्याच खोलीत होतं.

बाई: आत्ता कडेनं वाकून मागे बघितलं मी. टांगायच्या कड्या कोऱ्या करकरीत आहेत, जुन्या कडीची खूणसुद्धा नाही.



सुतार: गोदामात होतं, काकू. साहेबांनी त्या वर्षी बरीच चित्रं एकदम घेतली, त्यातली निम्मी तशीच पडून होती. ह्याचा तर कागदसुद्धा काढला नव्हता. सुतळी मी कापली.

बाई: ती मीच बांधली होती. ह्यांना बांधाबांध जमायची नाही.

सुतार: बसा जरा. पाणी आणतो.

बाई: नको. बरं झालं, हे आधीच गेले. असं कधी म्हणेन वाटलं नव्हतं हो मला. म्हणजे आमच्या घराबाहेर हे पहिल्यांदा बघितलं ते तुम्ही.

सुतार: हो. एकटाच होतो. जोडीदार चहाला गेला होता.

बाई: मग कसं वाटलं? ह्यांना कुणी कधी सांगितलंच नाही.

सुतार: मला चित्रातलं काय कळतंय?

बाई: मला तरी कुठे कळतं. सांगा.

सुतार: दोरीवर वाळत घातलेली चादर, दुसरं काहीच नाही. पण माझी आई गेली ना, तेव्हा सकाळी तिनंच धुतलेले कपडे असेच दोरीवर होते. चार दिवस कुणी काढायला धजेना. ते आठवलं, आणि जमिनीवर बसूनच राहिलो समोर. जोडीदार येऊन हाका मारत होता म्हणे. त्या दिवशी जेवलो नाही मी.