पाट्याचा बोल्ट

(अंगणात जुनी अँबेसेडर. मागचं एक चाक काढलेलं; त्यामागचे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, उघडे. त्यांच्या बोल्टावरचा झिजलेला रबरी बुश बदलायचाय. एंजेला गाडीखाली, अँड्र्यू आजोबा स्टुलावर.)

एंजेला: नट निघाला, पण पाट्याचा बोल्ट हलत नाही, आजोबा. कालपासून तेल पाजतेय, ठोकतेय. ढिम्म.

आजोबा: कितीतरी पावसाळे तिथंच बसलाय बिचारा. त्याला जरा वेळ दे.

एंजेला: वेळ कुठंय? दानीएलनं बजावलंय, दुपारपर्यंत गाडी चाकांवर दिसली नाही तर तो नगरच्या भाड्याच्या गाडीला हो म्हणणार. मग परवा लग्नाला मला चर्चला कुणीतरी परका माणूस नेणार. तुम्ही दुसरी गाडी चालवत नाही आणि मला तुमच्याच गाडीतून जायचंय.

आजोबा: मग हातोडा ठिव खाली. बाहेर ये. जॅक कुठं लावलाय?

एंजेला: बॉडीखाली. ठोकळेही लावलेत.

आजोबा: अन् एक्सल काय करतंय?

एंजेला: लोंबकळतंय.

आजोबा: कुनाच्या जिवावर?

एंजेला: पाट्यांच्या. म्हणजे या बोल्टच्या. अरे देवा, मी ठोकतेय आणि एक्सल त्याला खाली ओढतंय. कालच का नाही सांगितलंत? शाळेत शिकवतानाही असंच करायचात म्हणे. उत्तर सोडून बाकी सगळं सांगायचं.

आजोबा: सांगितलं आसतं तर नुसतं ऐकलं आसतंस. आता दिसलं. बॉडीखालचे ठोकळे ऱ्हाऊ देत. एक्सलखाली दुसरा जॅक लाव, हळूहळू उचल. पाट्यावरचा ताण गेला की थांब.

एंजेला: गेला. आता?

आजोबा: बोल्टच्या डोक्याला पाना लाव. आधी आवळ.

एंजेला: आवळू? काढायचाय ना?

आजोबा: जरा आवळायचं, जरा सोडायचं. पाळन्याला झोका देतेस तसं. गंज आपोआप फुटतो.

दानीएल (घरातून येत): झालं का, ताई? गाडीवाल्याचा फोन येतोय. आत हळद भिजवून ठेवलीय, आई विचारतेय नवरी कुठंय. आणि आजोबा, हात बघा हिचे. मेंदीच्या जागी ग्रीस.

आजोबा: मेंदीपेक्षा जास्त दिवस टिकतं ते.

दानीएल: तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी. मी हो सांगतोय त्याला.

एंजेला: थांब. हलला.

दानीएल: कुठं?

एंजेला: केसाएवढा.

आजोबा: बास झालं. केसाएवढा हलला म्हंजे त्यानं हट्ट सोडला. आता घाई करू नको.

एंजेला: आला, आला. दानीएल, हा धर हातात. आता कर फोन.

दानीएल: काय सांगू?

एंजेला: नवरीनं गाडी पळवली म्हणून सांग.

आजोबा: जा रे, नीट नको म्हनून सांग त्याला. अन् तू जुना बुश काढून नवा बसव.

एंजेला: बसला. बोल्टही आत गेला. पाना द्या, गच्च करून टाकते.

आजोबा: इतक्यात न्हाई. नट नुसता हातानं फिरव. आत रबर हाय. गाडी वर आसताना आवळलंस तर ते पिळल्यालं ऱ्हाईल अन् लवकर फाटंल. चाक लाव, खाली उतरव. तिचं वजन तिला घेऊ दे.

एंजेला: घेतलं बघा. उभी राहिली. आता शेवटचा हात तुम्ही मारा, आजोबा.

आजोबा: तूच मार. परवा तू मागं बसशील, मला वळून बघता यायचं न्हाई. मागचं तू गच्च केलंयस, एवढं ठाऊक आसलं म्हंजे झालं.