ते प्रेम नव्हतं, साहेब

जय भीम.

विहारात जमलेल्या माझ्या भावांनो, आयाबायांनो, आणि गाड्या उभ्या करून, फेरी बुडवून आलेल्या ड्रायव्हर मंडळींनो. तुम्ही आलात. आत जागा उरली नाही म्हणून कितीतरी जण बाहेर चपलांपाशी उभे आहेत, ते मला इथून दिसतंय. मला माइकवर बोलायची सवय नाही. मी उल्हासनगरच्या कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात शिलाईला बसते. तिथे मशीन बोलतं, बाई बोलत नाही. आज ह्यांच्या, माझ्या नवऱ्याच्या, जलदानाचा विधी झाला. बोलणाऱ्यांत माझं नाव नव्हतंच. हात जोडायचे आणि गप्प बसायचं, असं मी ठरवलं होतं.

पण आत्ता माझ्या आधी प्रकाशसाहेब बोलले.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. अंबरनाथच्या एमआयडीसीत ज्या ट्रान्सपोर्टमध्ये आमच्या ह्यांनी, वसंतनी, उभी हयात ट्रक चालवला, तिथे प्रकाशसाहेब बुकिंगला बसतात. कुणाची गाडी आधी भरायची, कुणाला जवळची फेरी द्यायची, कुणाला लांब पाठवायचं, कुणाला नुसतं गेटवर बसवून ठेवायचं, सगळं त्यांच्या एका शब्दावर. मालक तिकडे लांब मुंबईत. आमच्या लोकांनी देव सोडले, भावांनो. पण ड्रायव्हर लोकांचा हा एक देव खुर्चीत बसून राहिला.

तर साहेब म्हणाले, "वसंत आमच्या घरचा माणूस होता. दर दिवाळीला प्रेमानं भेट घेऊन यायचा."

ऐकलंत ना सगळ्यांनी? प्रेमानं.

साहेब, ते प्रेम नव्हतं.

अध्यक्ष, मला खूण करू नका. मला कळतंय मी काय बोलतेय. माझा नवरा गेलाय. तेवढा वेळ मला द्या.

आमच्या घरात दिवाळी नसते, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हापासून दारात कंदील लागला नाही. आमचा सण वेगळा. पण दिवाळी जवळ आली की मी पैसे मोजायला बसायचे. का? तर साहेबांसाठी काय न्यायचं! आमच्या पिंकीला नवीन फ्रॉक नाही, पण साहेबांना खोकं पाहिजे. माझी सासू म्हणायची, "सण त्यांचा आणि उपास आपला, हे कुठलं गं?"

आम्ही दोघं बाजारात जायचो. भांड्यांचं दुकान आहे एक, सिंधी शेठचं. भला माणूस. आत शिरलं की तो पहिलं विचारायचा, "भाभी, घर के लिए चाहिए कि साहब के लिए?" घरासाठी म्हटलं की खालच्या फळीवरचं काढायचा. साहेबांसाठी म्हटलं की वरच्या फळीवरचं, कंपनीचं, चकचकीत कागदात. एकदा मी रागानं म्हटलं, शेठ, साहेबांसाठी खालच्या फळीवरचंच द्या. शेठ हसला नाही. म्हणाला, "भाभी, ऐसा मत करो. पिछले साल एक ड्रायव्हर ने किया था. पोंगल तक गाड़ी मद्रास लाइन पे थी उसकी, घर का मुँह नहीं देखा."

म्हणजे भांडी विकणाऱ्याला ठाऊक. आणि साहेब म्हणतात, प्रेम.

मी एकदाच गेले होते ह्यांच्याबरोबर. साहेबांचं घर बदलापूरला, मांजर्लीत, तळमजल्यावर. दारात आमच्या आधी तीन-चार ड्रायव्हर होते. त्यातले दोघं आज इथे बसलेत. मी नाव घेत नाही, खाली बघू नका. प्रत्येकाच्या हातात खोकं. आम्ही दारातच उभे. ये म्हणाले नाहीत, बस म्हणाले नाहीत. साहेबांनी ह्यांच्या हातून खोकं घेतलं, उलटं केलं, खाली कुठल्या कंपनीचा शिक्का आहे ते बघितलं. आणि म्हणाले, "मागच्या वर्षीच्या कुकरचं झाकण नीट बसत नव्हतं रे, वसंत."

हे म्हणाले, "सॉरी साहेब."

सॉरी! दिलेल्या कुकरबद्दल! स्टेशनकडे जाताना हे माझ्या पुढे पुढे चालत राहिले. ज्या माणसानं पूर्ण भरलेला ट्रक घाटात एका हातानं सांभाळला, त्याला झाकणासाठी माफी मागताना मी पाहिलं होतं.

आता पुढचं ऐका. आणि साहेब, तुम्हीही ऐका, कारण हे तुम्ही तुमच्या भाषणात सांगितलं नाहीत.

त्यानंतर एका पावसाळ्यात उल्हास नदी मांजर्लीत शिरली. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरात पाणी होतं. साहेब त्या दिवशी अंबरनाथच्या ऑफिसात अडकलेले. घरी त्यांची आई एकटी. साहेब ऑफिसात डोकं धरून बसलेले, फोन लागत नव्हते. हे माल उतरवून रिकामी गाडी घेऊन आले होते. हे म्हणाले, "साहेब, पत्ता मला ठाऊक आहे. मी बघतो." पत्ता ठाऊक असणारच. दर दिवाळीला त्याच दारात उभे राहायचे ना!

गाडी वरच्या रस्त्याला लावली आणि पाण्यात उतरले. छातीपर्यंत पाणी. आजी स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढून बसल्या होत्या. ह्यांनी पाठ केली आणि म्हणाले, "आजी, बसा. माझे केस घट्ट धरा. दुखलं तरी मी बोलणार नाही." त्यांना ट्रकपर्यंत आणलं. मग परत गेले. त्याच इमारतीतल्या बायका, लेकरं, एक बाळंतीण, सगळ्यांना आणून ट्रकच्या हौद्यात बसवलं. वर ताडपत्री बांधली. घरी आले तेव्हा अंगाला चिखलाचा वास. मी विचारलं, जेवलात का? म्हणाले, "आजींनी मला चुरमुरे दिले. त्यांच्याकडे पिशवीत तेवढेच होते."

त्या वर्षी दिवाळी आली. मी म्हटलं, बाजारात जायचं ना? हे म्हणाले, "नाही. यंदा जाणार नाही. त्यांची आई मी पाठीवरून आणली. अजून कुठलं खोकं पाहिजे त्यांना?"

मी खूश झाले हो. खरंच खूश झाले. मला वाटलं, आता साहेबांना तरी समजेल. माणूस आहे ना शेवटी. आईचा मुलगा आहे.

काय समजलं साहेबांना?

दिवाळी झाल्यावर ह्यांचा नंबर मागे जायला लागला. गेटवर सकाळपासून उभे राहायचं, आणि नंतर आलेली गाडी आधी भरून जायची. मग लांबच्या फेऱ्या. आज गुजरात, परवा परत गुजरात, तिकडून आले की आंघोळ होण्याआधी पुन्हा निघा. हे घरी आलेलं पिंकीला शाळेतून आल्यावर कळायचं, ते दोरीवरच्या ओल्या शर्टावरून. माणूस तोवर गेलेला असायचा. मी म्हटलं, सोडा ही नोकरी. म्हणाले, "शुगर असलेल्या ड्रायव्हरला या वयात कोण गाडी देणार?"

हो, शुगर होती. पायाला जखम झाली, क्लचच्या पायाला. डॉक्टरनं सांगितलं, रोज ड्रेसिंग करा, पाय वर घेऊन बसा. तेव्हा हे साहेबांकडे गेले. त्या वेळी मीही गेले होते बरोबर, कारण हे एकटे गेले तर मागणार नाहीत हे मला माहीत होतं. हे म्हणाले, "साहेब, थोडे दिवस जवळची फेरी द्या. भिवंडी द्या, तळोजा द्या. संध्याकाळी घरी येऊन ड्रेसिंग करतो."

साहेबांनी वर बघितलं नाही. म्हणाले, "दिवाळीला माझ्या घराचा रस्ता विसरलास. आता तुझ्या घराचा रस्ता मी कशाला लक्षात ठेवू?"

म्हणालात की नाही, साहेब? मी टेबलाच्या या बाजूला उभी होते. म्हणालात की नाही?

बघा. दाराकडे बघतायत.

मी हात जोडले. हो, मी हात जोडले ह्या माणसासमोर. म्हटलं, साहेब, मी उद्याच घेऊन येते तुमची भेट. तेव्हा ह्यांनी माझे हात धरले आणि खाली केले. माझा नवरा साधा माणूस, कुणाला अरे नाही म्हणाला कधी. पण तेव्हा म्हणाला, "चल. गाडी भरलीय माझी."

अंकलेश्वरच्या पुढे ताप चढला. जखम चिघळून विष अंगात गेलं होतं. ढाब्यावरच्या लोकांनी दवाखान्यात नेलं. मी आणि माझा भाऊ पोचलो तेव्हा हे शुद्धीत नव्हते. दुसऱ्या दिवशी संपलं.

मी विहारात उभी आहे, खोटं बोलणार नाही. साहेबांनी मारलं असं मी म्हणत नाही. शुगर साहेबांनी दिली नाही. जखम साहेबांनी केली नाही. पण भिवंडीची फेरी तर रोज कुणीतरी मारत होतं ना? ती कुणाला मिळत होती? वरच्या फळीवरचं खोकं देणाऱ्याला! माझा नवरा संध्याकाळी घरी येऊ शकला असता. एवढंच म्हणते मी. तो घरी येऊ शकला असता.

आणखी एक सांगते, मग थांबते.

ह्यांना इथे आणून अग्नी दिला, त्यानंतर एक म्हातारी बाई रिक्षा करून आमच्या चाळीत आल्या. एकट्या. घर विचारत विचारत. साहेबांच्या आई. त्या आज इथे आहेत, बायकांमध्ये बसल्यात, मुलाच्या गाडीतून आलेल्या नाहीत. आजी माझ्याजवळ बसल्या आणि विचारलं, "वसंता दिवाळीला का नाही आला गं? मी वाट बघत होते. प्रकाश म्हणाला, तो आता मोठा झाला, येत नाही आपल्याकडे."

त्यांनी पिशवीतून शर्टाचं कापड काढलं. निळं, बारीक रेघांचं. म्हणाल्या, "दिवाळीसाठी घेऊन ठेवलं होतं त्याला. मला पाण्यातून काढताना त्याचा शर्ट खांद्यावर टर्रकन फाटला, माझ्याच हातानं. तेव्हापासून मनात होतं."

मंडळी, ही भेट. तुम्हाला प्रेम बघायचं होतं ना? ते त्या कापडात होतं. ते घरात पडून राहिलं, आणि मुलगा आईला सांगत राहिला की वसंत येत नाही.

मी आजींना सगळं सांगितलं. लपवलं नाही. आजी त्या कापडाची घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या माळ्यावर किती मिक्सर आहेत, बाई. मला वाटायचं, माझ्या लेकानं किती माणसं जोडलीत."

मी शिलाईवाली बाई आहे. रोज ढीगभर कपडे माझ्या हाताखालून जातात. पण त्या कापडाला अजून कात्री लावायची माझी हिंमत झालेली नाही.

साहेब, उठलात? थांबा. माझं बोलून झालंच आहे.

दिवाळी तोंडावर आली आहे. सिंधी शेठनं वरची फळी भरली असेल. या ड्रायव्हर भावांना मी देऊ नका असं सांगणार नाही. त्यांना पोरंबाळं आहेत, त्यांना भिवंडी पाहिजे, तळोजा पाहिजे, संध्याकाळी घर पाहिजे. त्यांच्यावर मी माझ्या दुःखाचं ओझं टाकणार नाही. मी तुम्हाला सांगते, साहेब. घेणाऱ्याला सांगते. तुम्ही घेऊ नका. दार उघडू नका. ज्याचा नंबर आधी, त्याची गाडी आधी. बास. एवढं तुमच्याकडून होत असेल तर आज इथे सगळ्यांसमोर हो म्हणा, आणि मग माझ्या नवऱ्याच्या फोटोला हार घाला.

...

जाऊ द्या त्यांना. भावांनो, वाट द्या. कुणी हात लावायचा नाही, कुणी शिवी द्यायची नाही. दारातल्यांनो, बाजूला व्हा, त्यांच्या चपला त्यांना सापडू द्या. त्यांनी आणलेला तो हार तेवढा खुर्चीवरून उचला कुणीतरी आणि बाहेर त्यांच्या गाडीवर नेऊन ठेवा. आम्हाला नको.

आजी, तुम्ही नका उठू. तुम्ही बसा. संध्याकाळी माझा भाऊ सोडेल तुम्हाला.

रडू नकोस पिंके. झालं माझं.

आता आपण सगळे उभे राहू या. वसंतसाठी थोडा वेळ गप्प राहू या. ड्रायव्हर भावांनो, गप्प राहायची तुम्हाला सवय आहे, हे मला माहीत आहे. गेटवर गप्प, टेबलासमोर गप्प, साहेबांच्या दारात गप्प. माझा नवराही तसाच गप्प राहिला. आज एवढंच करा. जमिनीकडे बघू नका. मान वर ठेवून उभे राहा.

जय भीम.