वाचल्याची सही

(पार्से येथील शाळा. मुख्याध्यापक सखाराम सर. समोर दहावीतल्या गंगाची आई, पद्मावती.)

पद्मावती — पण तिच्या तोंडात चमचो घालूक बाईंका सांगलां कोणी?

सर — पद्मावतीबाई, दोषारोपाने तुटलेला दात परत येत नाही. जे झाले ते सद्भावनेने झाले.

पद्मावती — डॉक्टरान कागद लिवन दिल्लो. फीट इली तर कुशीवर निजवा, तोंडात काय घालू नकात, घड्याळ बघा, पाच मिनटां उलटली तर अँब्युलन्स. चारच ओळी. जून म्हयन्यात मीच तुमच्या हातात दिलंय.

सर — आणि मी तो त्याच दिवशी परिपत्रकाच्या वहीत लावून वर्गोवर्गी फिरवला. ही पाहा. चौदा शिक्षक, चौदा सह्या. 'वाचले.' माझ्या कारकिर्दीत एकही सही राहून गेलेली नाही.

पद्मावती — चमचेवाल्या बाईंची?

सर — सहावी. सुवाच्य आहे.

पद्मावती — आणि चाव्यांचो जुडगो तिच्या हातात कोंबलो, त्या धाकूची?

सर — शिपायांकडे परिपत्रक जात नाही.

पद्मावती — गंगाक कुशीवर केलां सरस्वतीन. बाकावरच्या मैत्रिणीन. तिका तुमी शिक्षा केलास.

सर — चालू तासाला विनापरवानगी जागा सोडली. शिवाय हे उपचार तिला शिकवले कोणी?

पद्मावती — गंगान. भियां नको म्हणान, तोच कागद वाचून दाखयलो.

सर — असो. अपस्माराच्या रोग्याला अग्नी, जल आणि उंच स्थळे यांपासून जपावे, असे आपल्या आयुर्वेदातही सांगितले आहे.

पद्मावती — ह्यांतली तुमची शाळा खंयची, सर?

सर — विनोद नको. इतर पालक अस्वस्थ आहेत. गंगाने घरी अभ्यास करावा, परीक्षेपुरते यावे. अर्ज मी तयार ठेवला आहे. कारण 'घरगुती' घातले आहे. उद्या तिच्या लग्नाच्या वेळी तुमच्याच सोयीचे.

पद्मावती — तिका शाळा होयी, सर. गोळयो एक दीस चुकाक नाय. आठ म्हयन्यांत ही एकच फीट. घराकडे ती दीसभर माज्या तोंडाकडे बघीत रवतली, आणि मी तिच्या.

सर — मी समजू शकतो.

पद्मावती — मगे येवंदे तिका शाळेत.

सर — परंतु निर्णय झाला आहे.

पद्मावती — खंय करू सही?

सर — इथे. 'वाचून मान्य'च्या खाली. घाई नाही, सावकाश वाचून घ्या.

पद्मावती — नको. ह्या शाळेत तो रिवाज नाय.

सर — डॉक्टरांचा तो कागद परत हवा आहे का?

पद्मावती — रवांदे वहीत. सरस्वतीक तो तोंडपाठ आसा.