चोरओटीच्या आधी

मानाचे अध्यक्ष बापूसाहेब, शेजारी बसलेली पंचमंडळी, केडगावच्या दवाखान्यातून आलेले कंपाउंडर योसेफदादा, ज्यांच्यासाठी आज ही शाळा माणसांनी भरलीय त्या आमच्या नर्स राहेलबाई, आन् सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो,

गुरुजींनी मला भाषण लिहून दिलं व्हतं. त्यात 'सेवामूर्ती' तीनदा हाय. मला वाचता येत न्हाई, आन् पाठ केलेलं इथं उभी राहिले तसं पळालं. तवा जे तोंडाला येईल ते बोलते. लांबलं तर बापूसाहेब, नुसतं खाकरा.

सतरा वर्षं या बाई केडगावाहून पायी आमच्या वाडीला आल्या. आता नोकरी संपवून दौंडला भावाकडं, रेल्वेच्या कॉलनीत चालल्यात. त्यांनी बाळंतपणं किती केली ते योसेफदादा सांगतील. मी त्याच्या आधीचं सांगणार हाय.

आपल्यात रीत काय? सुनेला दिवस गेले तरी तिसऱ्या महिन्यापर्यंत चकार शब्द काढायचा न्हाई. मग दोघीचौघींत गुपचूप चोरओटी भरायची. का, तर दृष्ट लागंल. माझी सून तुळजा पाटसची. पहिल्यांदा दिवस गेले, तवा मी काय केलं? शेजारणींना संशय येऊ नये म्हणून तिच्या डोक्यावर एकाऐवजी दोन हंडे दिले. केवढी हुशार मी! दुसऱ्या महिन्यातच सगळं गेलं. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. आन् आलेलंच कुणाला ठाऊक न्हाई, मग गेल्याचं रडायचं कुणाजवळ? तिसऱ्या दिवशी पोर विहिरीवर. मीच धाडली व्हती.

त्याच आठवड्यात राहेलबाई देवीची लस टोचायला आल्या. तुळजा पायरीवर टेकलेली. बाईंनी तिच्या डोळ्याखालची कातडी ओढून बघितली, नखं बघितली. मी म्हटलं, "पित्त हाय तिला." बाई माझ्याकडं वळल्या. "सारजाबाई, गाईला पेंड कधीपासून घालता?"

म्हटलं, "फळायच्या आधीपासून. अंगात जोर नको व्हय?"

"आणि सुनेला?"

आमच्यात सून शेवटी जेवती. भाकरी उरली तर भाकरी, न्हाईतर आमटीचं पाणी. मी चिडले. म्हटलं, "म्हंजी दोन्ही पोरं मीच मारली म्हणा की!" तवा बाई माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "कशानं गेली ते मलाही सांगता येणार नाही. कधीकधी काही कारणच सापडत नाही. पण हिच्या अंगात रक्त नाही, हे दिसतंय. आधी ते भरू. तोवर पाळणा नको."

त्यांनी माझ्या लेकाला, सोपानला लिंबाखाली बोलवून तेच बजावलं. गडी मान खाली घालून अंगठ्यानं माती उकरत व्हता! तुळजाची मिशेरी बंद करायला सांगितली. तिची सुटंना, म्हणून आधी मला सोडायला लावली. आठ दिवस मी घरात सगळ्यांना खायला उठले. पालेभाजी, डाळ, शेंगदाणे-गूळ, आन् तुळजाचं ताट पहिलं. लोहाच्या गोळ्या दिल्या. चार दिवसांनी परसाकडंला जे काळं झालं ते सभेत सांगण्यासारखं न्हाई, पण मी घाबरून केडगावपर्यंत पळाले. बाई पोट धरून हसल्या.

आठ महिन्यांनी म्हणाल्या, आता हरकत न्हाई. दिवस गेल्याबरोबर पहिली खबर बाईंना. हंडे मी वाहिले. लोक म्हणाले, सारजाबाईला सुनेनं कामाला लावलं. लावलं तर लावलं! ती बघा, योसेफदादांच्या पायाशी खडू खातीय ती माझी नात. अगं, काढा कुणीतरी तोंडातला!

आता एक सांगते. आज सकाळी तुळजाला विचारलं, "सांगू का गं सभेत?" ती म्हणाली, "आत्याबाई, लोक काय म्हणतील?" म्हटलं, म्हणू देत. मग थोड्या येळानं चुलीपासनं आवाज आला, "सांगा. बाई हाईत तवर सांगा."

तर मंडळी, माझ्या सुनेला दुसरा महिना हाय. चोरओटी व्हायची हाय अजून. पुढं काय व्हईल ते देवाच्या हाती, पण या बारीला तिच्या सुखाला नि दुःखाला सगळी वाडी सोबत असंल. आन् इथं जिच्या जिच्या पोटात अशी चोरीची गोष्ट असंल तिनं बाईंना आजच गाठावं. उद्या त्यांची गाडी हाय.

बाई, तुमचे आभार मानायला माझ्याजवळ लुगड्याचा पदर सोडून काही न्हाई. पंचांचे, पाव्हण्यांचे, सतरंज्या देणाऱ्या गुरुजींचेबी उपकार. बायामाणसानं बोलू नये ते बोलले असंन तर सभेनं सोडून द्यावं.

पण माफी मागायची ती खरी तिकडं खांबाजवळ बसलेल्या बाईची. तुळजा, दोन वेळा तुझ्या डोक्यावर मी माझ्या हातानं हंडे चढवले. तू कधी बोलली न्हाईस, आन् मीबी आजवर तोंड उघडलं न्हाई. माझं चुकलं, पोरी.

उठू नगंस. बसून ऱ्हा.