व्याख्येत न बसणारी नात

...नाही, आता तुम्हीच सांगा, रडून लालबुंद झालेलं सहा दिवसांचं पोर नवजात नाही, मग काय मी नवजात? पण रुग्णालयाच्या खिडकीवरच्या बाईंनी नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा नाकाच्या टोकावर आणला, 'आजोबा, कानाच्या तपासणीसाठी नवजात म्हणजे रुग्णालयाच्या हद्दीत जन्मलेलं. तुमची नात टॅक्सीत झाली. व्याख्येत बसत नाही!' अहो, पण टॅक्सी तुमच्याच फाटकात होती! पुढची चाकं आत, मागची बाहेर! 'बाळ कुठल्या सीटवर झालं?' मागच्या. संपलं!

बरं, हौस म्हणून का गेलो होतो? दार आपटलं, ताट पडलं, मी शिंकलो... तुम्हाला सांगतो, माझ्या शिंकेला चार घरांपलीकडचं कुत्रं बिऱ्हाड हलवतं, पण ही ढिम्म! लेक माझी जेवणखाण सोडून पोरीच्या कानाशी टाळ्या वाजवत बसलेली. खिडकीसमोरही तिचं तेच चाललेलं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, आवाज खाली आणला, 'नाळ आत कापली ना? मग जन्म आतच पुरा झाला. लिहिते मी.' देवमाणूस हो!

आत तपासणारी मुलगी म्हणते, बाळ झोपायला हवं. जावई झोपला, मी झोपलो, बाळ टक्क जागं! कधीतरी डोळा लागला, कानात तपासायच्या यंत्राची बोंडं गेली आणि लागला लाल दिवा. 'पुन्हा तपासावं लागेल.' म्हणजे ऐकू येत नाही? 'तसं नाही, श्रवणदोषाच्या व्याख्येत अजून बसत नाही.' मग येतं? 'तसंही म्हणता येत नाही.' अरे, मग बाहेर बसलेल्या लेकीला सांगू काय!

तीन महिने खेटे घातले. शेवटी मोठी तपासणी झाली आणि बाई हळूच म्हणाल्या, 'आजोबा... बसली व्याख्येत. दोन्ही कान. ऐकायचं यंत्र मिळेल.' ज्याच्यासाठी एवढा भांडलो, ते मिळालं, तर मला खिडकीचा गज सोडवेना.

यंत्र लावलं. लेकीनं हलकेच हाक मारली, 'चिऊ...' पोरीचं दूध पिणं थांबलं. डोळे हे एवढे! लेक रडतेय, जावई रडतोय, बाई खिडकी सोडून आलेल्या. मला राहवेना, मीही घातली एक हाक... पोरीनं असं भोकाड पसरलं म्हणता! लेक माझ्यावरच ओरडली, 'बाबा, हळू! तिला ऐकू येतं आता!'

झालं! तेव्हापासून घरात कुजबुजतोय हो. मोठ्यानं बोलायचं म्हटलं की चपला घालून तुमच्यापर्यंत यावं लागतं!